जाळ्यातला अनोळखी पाहुणा



ज्याचा जन्म पाण्याकाठी गेला, त्याला मासे ओळखायला शिकवावे लागत नाही. मरळ, वाम, रोहू, शिंगाळी हे नदीतले मासे. बोय, जिताडा, निवटी ही खाडीतली मासळी. अंधारात हाताला लागली तरी जाणत्याला कळते.

पण एखाद्या दिवशी जाळे जड लागते. वर ओढून पाहावे, तर आत भलतेच काहीतरी. अंगभर ठिपके, नाही तर तोंडाला करवत, नाही तर सुपासारखे चपटे अंग. नाव कोणालाच ठाऊक नाही. मग काठावर गर्दी जमते. एक म्हणतो, "मारा त्याला." दुसरा म्हणतो, "कापा, वाटे घालू." तिसरा म्हणतो, "देवाचा प्राणी आहे, हळदकुंकू वाहा." आणि पोरे तोवर शेपटीला हात लावून मोकळी होतात.

ह्या घाईत कधी माणसाच्या जिवावर बेतते, कधी हजारो रुपयांचे नुकसान होते, तर कधी नकळत कायदा मोडला जातो. म्हणून अनोळखी प्राणी ओळखावा कसा, ते आपण ह्या पाठात शिकू.

१. समुद्र किती लांब?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. इथून समुद्र दिसत नाही. "आमचा आणि समुद्राचा काय संबंध?" असे कोणी विचारील. संबंध आहे, बरं का!

आपली उल्हास नदी बोरघाटाकडच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, बदलापूर करीत ती उल्हासनगरच्या कडेने कल्याणला येते. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनीही पुढे तिलाच मिळते. कल्याणकडे नदीची खाडी होते. भरतीचे पाणी तिथवर चढते. म्हणून तर जुन्या काळी कल्याण हे मोठे बंदर होते. पुढे ही खाडी वसईजवळ अरबी समुद्राला मिळते.

म्हणजे खाडी हा समुद्राचा दरवाजा आहे, आणि दरवाजातून ये-जा चालूच असते. जिताड्याचेच पाहा. तो खाऱ्या पाण्यात जन्मतो. लहानपणी गोड्या पाण्याकडे चढतो. मोठा झाला की अंडी घालण्यासाठी पुन्हा खाऱ्या पाण्याकडे उतरतो. पाला मासा ह्याच्या उलट. तो राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत शिरतो. १९४७ नंतर उल्हासनगरात सिंधी मंडळी येऊन वसली. सिंधू नदीत चढणाऱ्या ह्याच माशाला ती 'पल्लो' म्हणतात. त्यांच्या झूलेलाल देवाचे चित्रही ह्याच माशावर बसलेले असते. मासा एक, नावे दोन. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

खारे पाणी बदलापुरापर्यंत येत नाही, हे खरे. पण खाडीवर मासे धरायला जाणारे, बाजारात समुद्राची मासळी विकणारे आणि घेणारे आपल्यातही आहेत. तेव्हा हा पाठ सगळ्यांच्या कामाचा आहे.

२. वैतरणेत काय घडले?

आपल्या उत्तरेला पालघर जिल्हा आहे. तिथे वैतरणा नदी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ एक तरुण तिच्या खाडीत मासे धरायला उतरला. एका मोठ्या माशाने त्याच्या पायाला कडकडून चावा घेतला. पाय फारच जखमी झाला. तो मासा म्हणजे शार्क, आपल्या भाषेत मुशी. समुद्र सोडून इतक्या आत मुशी आली कशी, म्हणून सगळ्यांना नवल वाटले.

बहुतेक मुशी गोड्या पाण्यात जगत नाहीत. पण बुल शार्क नावाची एक जात आहे. तिला खारे पाणी चालते आणि गोडेही चालते. अंगातले मीठ कमी-जास्त सांभाळण्याची सोय तिच्या शरीरातच आहे. ती पिले घालायला नदीच्या मुखाशी येते. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नावाची थोर नदी आहे. तिच्यात समुद्रापासून साडेतीन हजार किलोमीटरांहूनही आत ही मुशी सापडली आहे. वैतरणेतली मुशीही ह्याच जातीची असल्याचे सांगण्यात आले.

ह्यातून एक गोष्ट शिकावी. "हा प्राणी इथे असूच शकत नाही," असे पाण्याच्या बाबतीत म्हणू नये. आधी नीट पाहावे, मग बोलावे.

३. आधी हात मागे

अनोळखी प्राणी दिसला की पहिला नियम एकच. हात मागे घ्या. पोरांना लांब करा. मेलेला दिसला तरी हात लावू नका. हे चार प्राणी तर पक्के ओळखून ठेवा.

पाकट : सुपासारखा चपटा, शेपटी चाबकासारखी. शेपटीवर दातेरी काटा असतो आणि त्यात विष असते. पाकट तळाच्या वाळूत अंग झाकून बसतो. २०१३ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या वेळी पाण्यात उतरलेल्या पुष्कळ लोकांच्या पायांना पाकटांनी काटे मारले. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नये, घासत न्यावा. म्हणजे पाकट आधीच दूर पळतो. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी. कळा कमी होतात. मग दवाखान्यात जावे. छातीत किंवा पोटात काटा रुतला असेल, तर तो घरी उपटू नये.

समुद्रसर्प : हा जाळ्यात वाम माशाबरोबर येतो आणि वामेसारखाच दिसतो. फसू नका. सापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. अंगावर खवले असतात. वामेला कल्ल्याची फट असते, सापाला नसते. तो नाकाने श्वास घ्यायला पाण्यावर येतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून माणूस गाफील राहतो, आणि काही तासांनी अंग जड पडू लागते. दंश झाला तर जखम कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हातपाय न हलवता माणसाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

जेलीफिश : पाण्यावर तरंगणारी, काचेसारखी, खाली दोरे सोडलेली. हे दोरे अंगाला लागले की आग होते. जाळ्यात अडकलेले तुटके दोरेही डसतात. लागले तर वाळूने घासू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे. दोरे काडीने किंवा फडक्याने काढावेत.

केंड : हा डिवचला की पोट फुग्यासारखे फुगवतो. दात पोपटाच्या चोचीसारखे. ह्याच्या काही जातींच्या यकृतात, गाभोळीत आणि कातडीत जहर असते. आणि हे जहर शिजवून जात नाही, तळून जात नाही, मिठाने जात नाही. खाणाऱ्याचे आधी ओठ बधिर होतात, मग श्वास अडखळतो. म्हणून नियम असा : ज्याचे नाव माहीत नाही, ते चुलीवर चढवू नये. घरच्या बायांनी हा नियम पुरुषांनाही बजावावा.

४. ओळखीचे सहा प्रश्न

आता ओळखायचे कसे? जाणता माणूस रंग पाहून घाई करीत नाही. मासा मेला की रंग उडतो. तो खुणा पाहतो. पुढचे सहा प्रश्न पाठ करा.

पहिला प्रश्न. शेपटी उभी की आडवी? माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमासा आणि डॉल्फिन ह्यांची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. हे दोघे मासे नव्हेत. ते पिलांना दूध पाजतात आणि आपल्यासारखा हवेत श्वास घेतात. खोल पाण्यात जाळ्यात अडकले तर गुदमरून मरतात.

दुसरा प्रश्न. कल्ले कसे? रोहूच्या कल्ल्याला झाकण असते. मुशीला झाकण नसते. तिच्या मानेच्या बाजूला फटी असतात, बहुतेक जातींत पाच. पाकटाच्या फटी पोटाच्या बाजूला असतात. करवत मासा दिसतो मुशीसारखा. पण उलटा करून पाहिला तर फटी खाली. म्हणजे तो मुशीचा नव्हे, पाकटाचा भाऊ.

तिसरा प्रश्न. तोंड कुठे? टोकाला की खाली? मोठे की लहान? दात कसे?

चौथा प्रश्न. पर किती आणि कुठे कुठे? पाठीवर काटा आहे का? शेपटीवर आहे का?

पाचवा प्रश्न. अंगावर काय? खवले, गुळगुळीत कातडे, की खरखरीत? ठिपके की पट्टे?

सहावा प्रश्न. लांबी किती? 'हा एवढा' असे हात पसरून सांगू नका. एक दोरी घ्या. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरा आणि गाठ मारा. घरी जाऊन दोरी टेपने मोजा. आता तर घरोघरी फोन आहे. फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा चप्पल ठेवा. म्हणजे पाहणाऱ्याला आकार कळतो. एक फोटो बाजूने, एक वरून आणि एक तोंडाचा घ्या.

एक उदाहरण घेऊ. जाळ्यात खूप मोठा प्राणी आला आहे. पाठीवर पांढरे ठिपके आहेत. तोंड रुंद आणि अगदी टोकाला आहे. लोक ओरडतात, "देवमासा, देवमासा!" तुम्ही शेपटी पाहा. उभी आहे. मानेच्या बाजूला पाच फटी आहेत. म्हणजे हा देवमासा नव्हे, ही मुशी. हिचे नाव व्हेल शार्क. जगातला सगळ्यात मोठा मासा हाच. चाळीस फूटही होतो. पण खातो काय? पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. माणसाच्या वाटेला जात नाही.

पाहा, दोन प्रश्नांतच ओळख पटली.

५. नाव आणि कागद

प्राण्याला गावोगाव वेगळे नाव असते. पाला आणि पल्लो तुम्ही पाहिलेच. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रत्येक जातीला एकच पक्के नाव ठेवले आहे. ते साऱ्या जगात चालते. पण म्हणून गावचे नाव टाकाऊ नाही. म्हाताऱ्या कोळ्याला, आजीला आधी विचारा. पन्नास वर्षांपूर्वी असा मासा येत असे, हे त्यांच्याच आठवणीत असते.

आणि आता तर तुम्हाला लिहिता येते. एक वही घाला. वहीत इतके लिहा : तारीख. जागा. भरती की ओहोटी. पाणी खारे की गोडे. कोणते जाळे होते. लांबी. सहा प्रश्नांची उत्तरे. गावचे नाव. जमेल तसे चित्र काढा. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. वेड्यावाकड्या चित्राने काय होते, त्याची एक खरी गोष्ट ऐका.

६. भिंतीवरचा कागद

ही गोष्ट आफ्रिकेची आहे. २२ डिसेंबर १९३८. दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन नावाचे बंदर आहे. तिथे एक मासेमारी बोट आली. बोटीचा कप्तान चांगला माणूस. काही विशेष सापडले की तो गावच्या संग्रहालयात निरोप धाडी. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंचे नाव मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर. त्या बंदरावर आल्या. माशांच्या ढिगातून एक निळा पर वर दिसत होता. ढीग बाजूला केला. खाली पाच फुटी निळा मासा. पर कसे? तर जाड देठांवर बसवलेले, जणू आखूड पायच.

बाईंनी पुस्तके चाळली. असा मासा कुठेच नाही. तेव्हा त्यांनी कागदावर त्याचे साधे चित्र काढले, खुणा लिहिल्या आणि स्मिथ नावाच्या प्राध्यापकांना टपालाने पाठवले. उन्हाळ्याचे दिवस होते. मासा टिकेना. आतले सगळे टाकून द्यावे लागले, नुसते कातडे भरून ठेवले. पण चित्र स्मिथ यांच्यापर्यंत पोचले. ते पाहून स्मिथ चकित झाले. ह्या माशाचे नाव सीलाकँथ. ह्याचे कूळ कोट्यवधी वर्षांपूर्वीच नष्ट झाले, असे सारे शास्त्रज्ञ मानीत होते. दगडात उमटलेले त्याचे ठसे तेवढे त्यांना माहीत होते. आणि हा जिवंत जाळ्यात आला!

दुसरा मासा हवा होता. स्मिथ यांनी माशाच्या चित्राचा जाहीर कागद छापला आणि शंभर पौंडांचे बक्षीस लावले. कागद आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गावोगाव लागले. वर्षांमागून वर्षे गेली. डिसेंबर १९५२ मध्ये कोमोरो बेटांवर एका कोळ्याच्या गळाला मोठा मासा लागला. सकाळी तो बाजारात विकायला आणला. आता कापणार, इतक्यात तिथे एक शाळामास्तर आले. त्यांनी तो कागद वाचलेला होता. ते म्हणाले, थांबा, कापू नका. मासा स्मिथ यांच्या हाती पोचला आणि कोळ्याला बक्षीस मिळाले.

पुढे कळले की त्या बेटांवरचे कोळी हा मासा पूर्वीपासून ओळखत होते. त्यांच्याकडे त्याला नावही होते, गोंबेसा. शास्त्रज्ञांना जे ठाऊक नव्हते ते कोळ्यांना ठाऊक होते. पण ते कागदावर नव्हते. कोळ्याचे ज्ञान आणि कागद, दोन्ही एकत्र आले तेव्हा काम झाले. वाचता येणारा एक माणूस बाजारात नसता, तर त्या माशाचे तुकडे होऊन घरोघर कालवण झाले असते.

७. कोणता सोडावा, कोणता राखावा?

ओळख पटली की पुढचे ठरवता येते.

काही प्राण्यांना कायद्याने संरक्षण आहे. व्हेल शार्कला २००१ पासून आहे. करवत मासा, समुद्री कासव, डॉल्फिन, समुद्री घोडा ह्यांनाही आहे. त्यांना मारणे, विकणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवास आणि दंड होतो. ह्यांतले काही प्राणी पिले कमी देतात आणि सावकाश वाढतात. एकदा संपले की पुन्हा भरून येणे कठीण.

पण कोणी म्हणेल, "सोडायचे तर जाळे कापावे लागते. जाळ्याचे पैसे कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने २०१८ साली योजना काढली. संरक्षित प्राणी सोडताना मच्छीमाराचे जाळे फाटले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी प्राणी सोडतानाचा फोटो किंवा चित्रण लागते. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. जखमी प्राणी सापडला तर वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर फोन करावा. सोडताना प्राण्याला शेपटी बांधून ओढू नये. पाण्यातच ठेवून जाळे कापावे.

उलट काही पाहुणे परत सोडू नयेत. शोभेच्या काचपेटीतला सकर मासा लोक कंटाळून नदीत टाकतात. अंग कठीण, तोंड खाली चिकटणारे. उजनीच्या जलाशयात तो वाढला आणि तिथल्या मच्छीमारांना ताप झाला. तो जाळी फाडतो आणि देशी माशांच्या वाट्याचे खातो. असा मासा पुन्हा पाण्यात टाकू नये.

आणि काही पाहुणे लक्ष्मीच्या पावलांनी येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या मच्छीमारांच्या जाळ्यात १५७ घोळ मासे आले. त्यांनी ते ओळखले. घोळीच्या पोटातल्या पिशवीला, म्हणजे बोताला, परदेशात फार किंमत येते, हे त्यांना ठाऊक होते. लिलावात सगळे मिळून सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. ज्याला ओळख नाही, तो हाच मासा साध्या भावाने वाट्यावर घालील.

म्हणून सांगतो, ओळख हीच कमाई आणि ओळख हेच रक्षण. पाण्याने जे दाखवले ते आपण डोळ्यांनी पाहावे, आजीआजोबांना विचारावे आणि वहीत लिहावे. उद्या तुमच्याच वहीतल्या एका ओळीवरून उल्हास नदीची एखादी नवी गोष्ट जगाला कळेल.

लक्षात ठेवा

अनोळखी प्राण्याला हात लावू नये.
नाव माहीत नसेल तर खाऊ नये, विकू नये.
सहा प्रश्न विचारावेत. दोरीने मोजावे. फोटो काढावा.
वहीत लिहावे. जाणत्याला आणि खात्याला विचारावे.

अभ्यास

१. उल्हास नदी समुद्राला कुठे मिळते?
२. समुद्रसर्प आणि वाम ह्यांतला फरक कसा ओळखाल?
३. व्हेल शार्क हा देवमासा नव्हे, हे कोणत्या दोन खुणांवरून कळते?
४. कोमोरो बेटांवरचा मासा कापण्यापासून कोणी वाचवला? त्याला तो कसा ओळखता आला?
५. हिशोब करा : १५७ घोळ माशांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. एका माशाला साधारण किती रुपये पडले?
६. तुमच्या घरातल्या सगळ्यात वडील माणसाला विचारा : पूर्वी दिसणारा आणि आता न दिसणारा मासा कोणता? त्याचे नाव आणि खुणा वहीत लिहा.

नवे शब्द

कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव
पर – माशाचे पोहण्याचे पंख
गाभोळी – माशाच्या पोटातली अंडी
संरक्षण – राखण
भरपाई – नुकसानीबद्दल मिळणारे पैसे